शिवसमुद्र ते कैगा : बंगळूरच्या विजेचा जमाखर्च

एखाद्या शहराचा इतिहास राजवटींच्या क्रमाने लिहिण्याची आपल्याकडे वहिवाट आहे. बंगळूरचेच पाहा. केंपेगौडाने १५३७ मध्ये मातीचा कोट बांधला. १६३८ मध्ये ते विजापूरकरांच्या हाती आले आणि शहाजीराजांच्या जहागिरीत गेले. पुढे मोगल, म्हैसूरचे वडियार, हैदर, टिपू आणि इंग्रज अशी नामावळी आपण मुखोद्गत करतो. परंतु हे शहर आज जे आहे ते कशामुळे झाले, या प्रश्नाचे उत्तर त्या नामावळीत सापडत नाही. त्यासाठी राजवाड्याकडे न वळता विजेच्या तारेचा माग काढीत जावे लागते. प्रस्तुत लेखात आम्ही तोच मार्ग धरणार आहोत. आणि त्याच्या शेवटी जो वादग्रस्त प्रश्न उभा राहतो, म्हणजे अणुशक्तीपासून वीज निर्माण करावी की नाही, त्यावर आमचे मतही मांडणार आहोत. ते मत आरंभीच सांगून टाकणे प्रामाणिकपणाचे होईल. अशी वीज निर्माण करावी, किंबहुना आजच्याहून पुष्कळ अधिक करावी, असे आम्हांस वाटते. मात्र त्यास एक अट आहे, आणि ती अट आम्हांस इतिहासानेच शिकविली आहे.

कावेरी नदी शिवसमुद्र येथे कड्यावरून खाली झेप घेते. त्या धबधब्यापासून वीज काढण्याची कल्पना म्हैसूरचे दिवाण सर के. शेषाद्री अय्यर आणि अभियंते द लोबिनिएर यांनी उचलून धरली. विजेची यंत्रे अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीकडून आली. रस्ते नव्हते तेथे अवजड सामान हत्तींच्या साहाय्याने ओढून न्यावे लागले. ३० जून १९०२ रोजी वीज सुरू झाली आणि तीस हजार व्होल्टांच्या दाबाने सुमारे १४७ किलोमीटर अंतर कापून कोलारला पोहोचली. इतक्या लांब वीज वाहून नेणारी तार त्या वेळी जगात दुसरीकडे क्वचितच असेल. शेषाद्री अय्यर यांना मात्र हा दिवस पाहावयास मिळाला नाही. आदल्याच वर्षी त्यांचे निधन झाले होते.

ही वीज प्रथम कोलारला का गेली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. तेथे सोन्याच्या खाणी होत्या, त्या विलायतेतील कंपन्या चालवीत होत्या, आणि वीज विकत घेण्याची ऐपत त्यांच्यापाशी होती. बंगळूरच्या रस्त्यांवर दिवे लागले ते तीन वर्षांनी, ५ ऑगस्ट १९०५ रोजी. ज्या खेड्यांच्या शिवारांतून ती तार गेली, त्यांच्या वाट्याला कित्येक दशके फक्त खांब आले. वीज ज्या गावात जन्मते त्या गावात ती राहत नाही, हा या इतिहासातील पहिला धडा होय. ‘दिव्याखाली अंधार’ ही आपली म्हण समईसाठी जन्मली असेल, पण विजेच्या दिव्याला ती अधिक चपखल बसते.

दुसरा धडा लवकरच मिळाला. उन्हाळ्यात कावेरी आटली की शिवसमुद्राची यंत्रे मंदावत. खाणींना वीज बाराही महिने हवी होती. म्हणून नदीचे पाणी अडवून ठेवणे भाग पडले, आणि त्यातून १९११ मध्ये कृष्णराजसागर धरणाचे काम सुरू झाले. त्याचे सूत्रधार विश्वेश्वरय्या हे मराठी वाचकांना परके नाहीत. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण झाले. मुंबई इलाख्याच्या नोकरीत त्यांनी ऐन उमेदीची वर्षे काढली. खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांनी त्यांचे नाव प्रथम गाजविले. त्यांच्या या धरणाने मंड्याची शेती फुलविली आणि बंगळूरचे दिवे स्थिर केले, हे निर्विवाद आहे. त्याच धरणाखाली कन्नंबाडी हे गाव आणि आसपासची खेडी बुडाली, हेही तितकेच खरे आहे.

नेमक्या याच काळात आपल्या सह्याद्रीत काय घडत होते? जमशेटजी टाटांनी कल्पिलेली जलविद्युत योजना त्यांच्या मागे साकार झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. पुढे भिवपुरी झाले, आणि मुळशीची पाळी आली. १९२१ मध्ये सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली मावळच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह आरंभिला. आपली काळी आई मुंबईच्या चरख्यांसाठी का बुडवावी, हा त्यांचा प्रश्न होता. तीन वर्षे ते लढले, तुरुंगात गेले, आणि अखेर हरले. १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजगृह चालू झाले. धरणग्रस्त हा शब्द रूढ होण्यापूर्वीच धरणग्रस्तांचा हा लढा मराठी भूमीवर लढला गेला, याचा आपल्याला सार्थ अभिमान वाटतो. परंतु मुंबईच्या चाळीत दिवा लावताना मुळशीची आठवण किती जणांना होत असे, हा प्रश्न विचारावयास कोणी धजत नाही.

स्वातंत्र्यानंतर हे चित्र मोठे झाले, पालटले मात्र नाही. जोगच्या धबधब्यापाशी वीजगृह झाले. १९६४ मध्ये शरावतीवर लिंगनमक्कीचे धरण उभे राहिले आणि म्हैसूर राज्य विजेच्या बाबतीत संपन्न गणले जाऊ लागले. इकडे १९६२ मध्ये कोयनेची वीज सुरू झाली. बंगळूरचे यंत्रांचे, विमानांचे आणि दूरध्वनींचे कारखाने, ज्यांच्यामुळे आपल्यापैकी अनेकांच्या नेमणुका या शहरात झाल्या, ते शरावतीच्या पाण्यावर वाढले असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. पण त्या जलाशयाखाली ज्यांची घरे गेली त्यांच्या जमिनीच्या हक्कपत्रांचा प्रश्न पुढली साठ वर्षे सुटला नाही. १९८७ मध्ये काळी नदीवर सुपे येथे धरण पूर्ण झाले आणि सुपे हे गावच पाण्याखाली गेले. तेथली पुष्कळ माणसे कोकणी-मराठी बोलणारी होती. त्यांतील अनेकांना रामनगरला नवा संसार मांडावा लागला. कारवार, जोयडा, हल्याळ या बाजूला फिरतीवर जाणाऱ्या वाचकांनी त्यांच्या तोंडून ही हकीकत ऐकली असेल.

आणि एवढे करूनही पाणी पुरले नाही. पाऊस हा सरकारी आदेश मानीत नाही. एक वर्ष मृग कोरडा गेला की जलाशयाची पातळी खाली जाते आणि वीजकपात सुरू होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये कर्नाटकाने याचा पुन्हा एकदा अनुभव घेतला. कोळशाची खाण तर या राज्यात नाही. १९८५ पासून रायचूरला कोळशावर वीज होऊ लागली, पण तो कोळसा शेकडो मैलांवरून रेल्वेने आणावा लागतो. त्याची राख रायचूरच्या शेतावर पडते आणि धूर सर्वांच्याच आकाशात जातो. पृथ्वीचे तापमान त्या धुराने वाढत आहे, याविषयी शास्त्रज्ञांत आता मतभेद उरलेला नाही.

येथवर आल्यावर आपल्याला थोडे मागे जाऊन बंगळूरच्याच एका आवारात शिरावे लागेल. जमशेटजींच्या देणगीतून आणि म्हैसूर सरकारने दिलेल्या जमिनीवर १९०९ मध्ये स्थापन झालेली भारतीय विज्ञान संस्था आजही ‘टाटा इन्स्टिट्यूट’ याच नावाने रिक्षावाल्यांना ठाऊक आहे. १९३९ मध्ये होमी भाभा केंब्रिजहून सुट्टीसाठी मायदेशी आले, महायुद्ध पेटले, परतीची वाट बंद झाली, आणि ते या संस्थेत रीडर म्हणून रुजू झाले. सर सी. व्ही. रामन तेव्हा तेथे होते. अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांचा अभ्यास करण्यासाठी भाभांनी येथे छोटेसे पथक जमविले. एका युद्धाने तरुण शास्त्रज्ञाची वाट अडविली नसती तर भारताच्या अणुविज्ञानाचा आरंभ बंगळुरात झालाच नसता.

१२ मार्च १९४४ रोजी भाभांनी सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीचे अध्यक्ष सर सोराब सकलातवाला यांना एक पत्र लिहिले. मूलभूत संशोधनासाठी संस्था काढावी, अशी त्यात मागणी होती. आणि तिच्या समर्थनार्थ त्यांनी असे म्हटले होते की, साधारण वीस वर्षांनी जेव्हा अणुशक्तीपासून वीज निर्माण होऊ लागेल, तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाचे तोंड पाहावे लागू नये. पत्राची तारीख पुन्हा पाहावी. हिरोशिमावर बाँब पडण्यास अजून सतरा महिने अवकाश होता. अणुशक्ती हे नाव जगाला संहाराच्या रूपाने कळले, पण भारतात त्याची पहिली योजना झाली ती दिव्यासाठी. जून १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था विज्ञान संस्थेच्याच आवारात सुरू झाली आणि त्याच वर्षाअखेर मुंबईस पेडर रोडवरील केनिलवर्थ बंगल्यात गेली. ज्या टाटांच्या विजेसाठी मुळशी बुडाली, त्याच टाटांच्या पैशातून धरणाविना वीज देणाऱ्या विद्येचे बी पेरले गेले. इतिहासाचे ओघ असे एकमेकांत मिसळलेले असतात.

१९४८ मध्ये अणुशक्ती आयोग नेमला गेला, १९५६ मध्ये तुर्भ्याला ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली आणि १९६९ मध्ये तारापूरने वीज देण्यास प्रारंभ केला. तारापूरच का, यामागील युक्तिवाद साधा होता. देशाचा कोळसा पूर्वेकडे; पश्चिम किनारा त्यापासून दूर. कोळसा जितका लांब न्यावा तितकी त्याची वीज महाग पडते. तेव्हा खाणीपासून दूर असलेल्या प्रदेशात अणुवीज प्रथम परवडेल, असे भाभांचे म्हणणे होते. १९६६ मध्ये आल्प्सवरील विमान अपघातात त्यांचा अंत झाला, म्हणून तारापूर त्यांनी पाहिले नाही. शेषाद्री अय्यर यांच्याप्रमाणेच त्यांनाही आपल्या दिव्याचा उजेड दिसला नाही. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर परदेशी मदत आटली, तारापूरचे इंधन अडले, तेव्हा भाभांच्या त्या पत्राची किंमत कळली. परदेशाचे तोंड न पाहता काम पुढे नेणारे अभियंते खरोखरच तयार होते. त्यांत बंगळुरात जन्मलेले एम. आर. श्रीनिवासन होते आणि पुढे आपले अनिल काकोडकरही होते.

खाणीपासून दूर असलेल्या प्रदेशाचा तो युक्तिवाद कर्नाटकाला तंतोतंत लागू पडतो. कारवारपासून थोड्या अंतरावर, ज्या काळी नदीवर सुपे बुडाले तिच्याच काठी, १९८९ मध्ये कैगाच्या अणुवीज केंद्राचे बांधकाम सुरू झाले. त्यास कडवा विरोध झाला, आणि विरोधकांत कन्नड साहित्याचे भूषण असलेले डॉ. शिवराम कारंत अग्रभागी होते. शिवसमुद्राची वीज ज्या वर्षी सुरू झाली त्याच वर्षी, १९०२ मध्ये, जन्मलेल्या या वृद्ध लेखकाने ८७ व्या वर्षी याच प्रश्नावर लोकसभेची निवडणूक लढविली. ते हरले, परंतु अशा माणसाचा विरोध अज्ञानमूलक म्हणून झटकून टाकणे हा उद्धटपणा होईल. २००० मध्ये कैगाची पहिली दोन यंत्रे चालू झाली, २००७ मध्ये तिसरे, २०११ मध्ये चौथे. प्रत्येकाची शक्ती २२० मेगावॉट. ७०० मेगावॉटची आणखी दोन यंत्रे तेथे उभारण्यास २०१७ मध्ये मंजुरी मिळाली.

आमच्यासारख्या कारकुनी पेशातील माणसाला जमाखर्चाची भाषा अधिक सोयीची वाटते. तेव्हा कैगाची खातेवही उघडू या. प्रथम जमेची बाजू. २२० मेगावॉटचे एक यंत्र बहुतेक वर्षभर चालविण्यास नैसर्गिक युरेनियम लागते ते पस्तीस-चाळीस टन, म्हणजे वजनाच्या हिशेबाने चार-पाच मालमोटारींचा माल. तितकीच वीज आपल्याकडच्या कोळशापासून काढावयाची तर दहा लाख टनांहून अधिक कोळसा जाळावा लागेल. तो आणण्यास वर्षाला अडीचशेहून अधिक मालगाड्या लागतील. दुसरी नोंद सातत्याची. कैगाचे पहिले यंत्र १३ मे २०१६ रोजी सुरू झाले ते ३१ डिसेंबर २०१८ रोजी मुद्दाम थांबवीपर्यंत, ९६२ दिवस, एकदाही न थांबता चालले. त्या काळात त्याने सुमारे पाचशे कोटी युनिट वीज दिली आणि अखंड चालण्याचा तेव्हाचा जागतिक विक्रम केला. त्या अडीच वर्षांत पावसाचे काय झाले, याची त्यास पर्वा करावी लागली नाही. विश्वेश्वरय्यांनी ज्यासाठी नदी अडविली, ती बारमाही वीज ती हीच.

सूर्य आणि वारा असताना हे सर्व कशासाठी, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. तुमकूर जिल्ह्यात पावगड येथे सुमारे १३,००० एकरांवर २,०५० मेगावॉटची सौर योजना उभी आहे, आणि ती कर्नाटकाला भूषणावह आहे. परंतु संध्याकाळी जेव्हा बंगळूरच्या घराघरांत दिवे लागतात त्याच वेळी पावगड झोपी जाते. बॅटऱ्यांत वीज साठविता येते आणि ती विद्या दिवसेंदिवस स्वस्त होत आहे. तथापि पावसाळ्यातील आठ-आठ दिवसांचे मळभ भरून काढील इतका साठा अजून कोणापाशी नाही. तेव्हा सूर्य की अणू, असा हा वाद नाही. सूर्याच्या जोडीला रात्रीचा पहारेकरी कोण, कोळसा की अणू, असा तो आहे. आणि या निवडीत आमचे मत अणूच्या बाजूचे आहे.

आता खर्चाची बाजू, आणि तिच्यात एक पैही लपविता कामा नये. १३ मे १९९४ रोजी बांधकाम चालू असताना कैगाच्या पहिल्या यंत्राच्या घुमटाचे काँक्रीट आतून कोसळले. भट्टीत इंधन नव्हते म्हणून अनर्थ टळला, आणि घुमटाची रचना नव्याने करावी लागली. नोव्हेंबर २००९ मध्ये तेथील पिण्याच्या पाण्याच्या एका यंत्रात ट्रिटियमयुक्त जड पाणी मिसळल्याचे आढळले आणि अनेक कामगारांच्या शरीरात ते गेले. हे कोणी आतल्याच माणसाने मुद्दाम केले असावे, असे सांगण्यात आले. चेर्नोबिल (१९८६) आणि फुकुशिमा (२०११) यांची आठवण करून देण्याची आवश्यकता नाही. फुकुशिमात लाखाहून अधिक लोकांना घरदार सोडावे लागले. वापरलेल्या इंधनातील घातक भाग काचेत गोठवून सांभाळण्याची विद्या आपल्यापाशी आहे, परंतु हजारो वर्षे ते जेथे निर्धास्त ठेवावे असे कायमचे ठिकाण आपल्या देशात अद्याप तयार झालेले नाही. पैशाचा हिशेबही सोपा नाही. कैगाला वीज देण्यास दहा-अकरा वर्षे लागली, आणि भांडवल जितके अडकून पडते तितके व्याज वाढते.

याहून मोठा दोष आम्हांस दुसराच वाटतो. या क्षेत्रातील थोर माणसांनी वारंवार पेलणार नाहीत अशी आश्वासने दिली. १९५५ मध्ये जिनीव्हा परिषदेच्या अध्यक्षपदावरून खुद्द भाभांनी भाकीत केले होते की, सूर्याच्या पोटातील संमीलन-शक्ती वीस वर्षांत माणसाच्या ताब्यात येईल. ती अजून आलेली नाही. २००० सालापर्यंत दहा हजार मेगावॉट अणुवीज करू, असा संकल्प १९८४ मध्ये झाला. प्रत्यक्षात त्या वर्षी तीन हजारही भरली नाही. आजही देशाच्या एकूण विजेत अणूचा वाटा शेकडा तीनच्या आसपास आहे. ज्याने पूर्वीचे वायदे पाळले नाहीत त्याच्या नव्या वायद्यावर कारवारच्या कोळ्याने किंवा राजापूरच्या बागायतदाराने का विश्वास ठेवावा? दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, यात त्याचा काय अपराध?

येथेच आम्ही आरंभी सांगितलेली अट येते. गेल्या सव्वाशे वर्षांचा आमचा हिशेब असा आहे: बंगळूर काय किंवा मुंबई काय, शहराच्या दिव्याचे तेल नेहमी दुसऱ्या गावाने घातले. पाण्याच्या विजेने त्याची जमीन घेतली, कोळशाच्या विजेने त्याची हवा घेतली. अणूची वीज या दोन्ही गोष्टी तुलनेने थोड्या घेते. परंतु ती त्याचा विश्वास मागते, आणि तो जमिनीपेक्षा महाग असतो. जमीन कायद्याने घेता येते, विश्वास घेता येत नाही. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या यंत्रांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे हलविली गेली, आणि तेथील लोकांना पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. जैतापूरला ‘नको’ म्हणणाऱ्या माणसाने तारापूर डोळ्यांनी पाहिले होते, ही गोष्ट मुंबई-दिल्लीच्या तज्ज्ञांनी ध्यानात घेतली नाही.

म्हणून आमचे म्हणणे तीन कलमांत मांडता येईल. पहिले, अणुभट्टी ज्या गावाशेजारी उभी राहील त्या गावाला वीज, पाणी आणि नोकरी प्रथम मिळावी. शिवसमुद्राची पुनरावृत्ती होऊ नये. पावगडला शेतकऱ्यांच्या जमिनी विकत न घेता वार्षिक भाडेपट्ट्याने घेतल्या गेल्या. मालकी न गमावता उत्पन्न मिळाले तर विरोधाची धार बोथट होते, हे तेथे दिसून आले. दुसरे, पाण्याची, हवेची आणि माशांची तपासणी केंद्राबाहेरच्या विद्वानांकडून व्हावी आणि तिचे आकडे कन्नड, मराठी, कोकणी भाषेत गावच्या चावडीवर लागावेत. तिसरे, ज्याने तपासावयाचे तो तपासल्या जाणाऱ्याचा ताबेदार असता कामा नये. २०१२ मध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालाने अणुऊर्जा नियामक मंडळाच्या स्वातंत्र्याविषयी नेमके हेच बोट ठेवले होते. कायद्याच्या पुस्तकात स्वातंत्र्य लिहिणे सोपे असते. ते व्यवहारात उतरले की नाही हे एखाद्या चालत्या यंत्रास थांबविण्याचा हुकूम निघतो तेव्हाच कळते.

हे मासिक वाचणाऱ्यांपैकी पुष्कळ जण लेखापरीक्षण, महसूल, रेल्वे, संरक्षण अशा खात्यांत आहेत. भूसंपादनाची, नुकसानभरपाईची आणि पुनर्वसनाची प्रकरणे कोणा ना कोणाच्या टेबलावरून जातच असतात. पर्यावरण आणि अणुशक्ती यांवरील थोर चर्चा दिल्लीत होतील. परंतु सुप्याच्या किंवा अक्करपट्टीच्या माणसाला सरकार भेटते ते एका कागदाच्या रूपाने, आणि तो कागद किती दिवस पडून राहिला यावरून तो सरकारची पारख करतो. पुढच्या अणुभट्टीला ‘हो’ म्हणावयाचे की ‘नाही’, हे त्याने पुष्कळदा मागच्या कागदावरून ठरविलेले असते. अणुशक्तीच्या समर्थकांनी युरेनियमची महती अवश्य सांगावी. पण ज्याला ती पटावी असे वाटते त्याची जुनी थकबाकी आधी चुकती करावी. मुळशीच्या सत्याग्रहाला शंभर वर्षे उलटून गेली आहेत. तेवढ्या अवधीत एवढे शिकणे अशक्य होते, असे म्हणता येणार नाही.